बारा पंचवीसची सावली

पूर्व उपनगरातली मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा, दोन अधिवेशनांत भरणारी. सकाळचं अधिवेशन १२:३० ला सुटतं, दुपारचं १२:४५ ला भरतं. मधल्या पंधरा मिनिटांत अंगणात शेकडो मुलांची ये-जा असते. त्या अंगणावर ऊन येतं साडेदहाच्या आसपास, आणि पावणेतीनला शेजारच्या इमारतीची सावली ते गिळून टाकते. हे प्रकरण पाचवीच्या दोन तुकड्यांचं आहे, एक सकाळची आणि एक दुपारची. विषय परिसर अभ्यासातला: पृथ्वीचं फिरणं आणि दिवसभरात बदलणारी सावली. वर्ग प्रातिनिधिक आहे, पण लांबी आणि वेळा मुंबईचे अक्षांश-रेखांश घेऊन कोणालाही ताडून पाहता येतील. तारीख १९ जानेवारीच्या आसपासची धरली आहे.

सकाळच्या तुकडीत ३६ मुलं, सहा-सहांचे सहा गट. प्रत्येक गटाला २० सेंटिमीटरची बांबूची काडी आणि ती रोवायला शाडूच्या मातीचा गोळा. खाली पुठ्ठा, त्यावर पांढरा कागद. बाईंनी वर्गात फळ्यावर वाक्य लिहिलं: ‘दुपारी १२ वाजता सावली सर्वात लहान असते.’ मग मुलांना अंगणात नेऊन ११:००, ११:३० आणि १२:०० अशा तीन वेळा सावलीची लांबी मोजायला लावली. सरासरी आकडे आले २२, १९.३ आणि १७.६ सेंटिमीटर. सर्वात लहान सावली बाराची. वाक्य सिद्ध झालं आणि मुलं हात धुऊन खिचडीच्या रांगेत गेली.

खरं तर काहीच सिद्ध झालं नव्हतं. सावली प्रत्येक मोजणीत कमी होत होती आणि शेवटची मोजणी बाराची होती. शेवटचा आकडा सर्वात लहान येणारच. मोजणी ११:३० ला थांबवली असती, तर त्याच पद्धतीने ‘साडेअकराला सावली सर्वात लहान’ हेही सिद्ध झालं असतं. एखाद्या वेळेची सावली सर्वात लहान म्हणायची, तर तिच्या अलीकडची आणि पलीकडची, दोन्ही बाजूंची मोठी सावली हातात हवी. प्राथमिक वर्गातल्या मोजणीच्या प्रयोगांत ही चूक फार वेळा होते, कारण वेळापत्रक प्रयोगाचं नसतं, तासिकेचं असतं.

एका गटाचा पुठ्ठा अंगणातच राहिला होता. सुटायच्या रांगेत उभं असताना त्यातल्या एका मुलीने सहज पट्टी लावली. १२:२५ ला सावली भरली १६.७. “बाई, सावली अजून बारकी झाली!” दुसऱ्या दिवशी वही तपासताना बाईंनी काडी कलली असणार असं सांगितलं, आणि गटाने १६.७ खोडरबराने पुसून १७.८ लिहिलं. बाराच्या आकड्यापेक्षा थोडं जास्त, म्हणजे फळ्यावरच्या वाक्याला शोभेल असं.

इथे बाईंना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण त्यांचा संशय निराधार नव्हता. २० सेंटिमीटरची काडी ३ अंशांनी कलली, की तिचं टोक जवळजवळ १ सेंटिमीटर सरकतं आणि सावलीचं टोकही तेवढंच सरकतं. बारा ते बारा पंचवीस या वेळात सावलीत पडलेला फरक होता ९ मिलिमीटर. शाडूची माती उन्हात वाळते, आकसते, तडकते, आणि काडी तासाभरात सहज दोन-तीन अंश झुकते. म्हणजे उपकरणाची चूक आणि शोधायचा परिणाम एकाच मापाचे. अशा उपकरणाने काहीही सिद्ध करता येत नाही, बाईंचं वाक्यही नाही आणि मुलीचं निरीक्षणही नाही. चूक झाली ती आकडा पुसण्यात. संशय आकड्यावर घ्यायला हरकत नव्हती, पण मग तो तपासायला हवा होता.

गाठ सुटली ती दुपारच्या तुकडीमुळे. त्या वर्गाच्या सरांनी तेच साहित्य घेऊन १:००, १:३० आणि २:०० ला मोजणी केली: १६.५, १७.२, १८.८. दोन्ही तक्ते शिक्षकांच्या खोलीत एकाच फळ्यावर लागले, तेव्हा सरळ दिसलं की दीड वाजताची सावली बाराच्या सावलीपेक्षा लहान आहे. बारा हा मध्य असता, तर दीडची सावली साडेदहाच्या सावलीएवढी, म्हणजे पंचवीसच्या घरात यायला हवी होती. सगळ्या सहा काड्या एकाच दिशेला, एवढ्या कलणं शक्य नव्हतं.

मुलांना कारणं विचारली, तेव्हा चार आली. काडी वाकडी होती. शाळेचं घड्याळ चुकीचं आहे. सकाळच्या मुलांना मोजता येत नाही (हे दुपारच्या मुलांचं एकमताने). आणि चौथं एका मुलाचं: “हिवाळ्यात सूर्य उशिरा उगवतो, म्हणून त्याची दुपार पण उशिरा होते.” चौथ्या कारणाकडे नंतर यायचं आहे. आधीची तीन तपासण्यासाठी दोन्ही शिक्षकांनी एकत्र बसून प्रयोग नव्याने बांधला. त्याचा तपशील महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक ठिकाणी हा प्रयोग तपशिलातच फसतो.

काठी आणि पाट

बारीक काडी बाद केली. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो, त्यामुळे सावलीची कड धूसर होते. २ मिलिमीटर जाडीच्या काडीची गडद सावली साधारण २१ सेंटिमीटर अंतरापर्यंतच टिकते. काडीच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंतचा उन्हाचा तिरका रस्ता मात्र या दिवसांत भर दुपारीही २६ सेंटिमीटर असतो. म्हणजे टोकाची सावली विरलेलीच दिसते, आणि कुठे टिंब द्यायचं यावर गटात भांडण लागतं. त्याऐवजी ८ मिलिमीटर जाडीची गोल लाकडी काठी घेतली, बरोबर २० सेंटिमीटर पाटावर राहील अशी, वरचं टोक सपाट कापून कानशीने घासलेलं. टोकदार काठी नकोच. मुलं टिंब द्यायला वाकतात तेव्हा ती डोळ्याच्या उंचीवर येते. जाड काठीच्या टोकाभोवतीही ३ मिलिमीटरचा धूसर पट्टा राहतोच. त्याच्या मधोमध टिंब द्यायचं, आणि एका पाटावर दिवसभर टिंब देणारं मूल एकच ठेवायचं, कारण प्रत्येकाचं ‘मधोमध’ वेगळं असतं.

उंच काठी घेतली तर अचूकता वाढेल, असं मुलांना वाटतं. झेंड्याचा खांब का नको, हा प्रश्न हमखास येतो. ६ मीटरच्या खांबाची सावली मध्यान्हाला जवळजवळ ५ मीटर पडेल खरी, पण तिचं टोकही ९ सेंटिमीटरभर धूसर असेल. फायदा शून्य.

काठी १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवर खालून स्क्रूने बसवली. पाट ६० बाय ४५ सेंटिमीटरचा, काठी लांब कडेच्या मधोमध, कडेपासून १० सेंटिमीटर आत. ही कड दक्षिणेकडे ठेवायची, कारण हिवाळ्यात मुंबईत दिवसाच्या मधल्या वेळची सावली उत्तरेकडे पडते आणि सगळी जागा त्या बाजूला लागते. काठी उभी आहे का हे कंपासपेटीतला गुण्या दोन बाजूंनी लावून पाहायचं. एका बाजूने पाहणं पुरत नाही.

त्याहून भरवशाची खूण म्हणजे पाट फिरवून पाहणं. पाटाची लांब कड सावलीच्या दिशेने ठेवा, म्हणजे फिरवल्यावरही सावली पाटावरच राहील. सावलीच्या टोकावर टिंब द्या, लांबी मोजा, लगेच पाट अर्धा वळसा फिरवा आणि पुन्हा मोजा. काठी सरळ असेल तर लांबी तीच येते. कललेली असेल तर फरक दुप्पट होऊन समोर येतो. सहापैकी एका पाटावर हा फरक ८ मिलिमीटर निघाला. स्क्रू सैल होता.

अंगणाच्या ढाळाकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. मुंबईतल्या शाळांच्या अंगणाला पावसाचं पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. पाट सावलीच्या दिशेने एक अंश जरी उतरता असला तरी २० सेंटिमीटरच्या काठीची सावली सुमारे ६ मिलिमीटरने बदलते. गोटी पाटावर ठेवून पाहिली, ती गडगडली, त्या बाजूला पुठ्ठ्याचे तुकडे सरकवले. गोटी थांबली की पाटाभोवती खडूची रेघ मारली, म्हणजे धक्का लागला तर कळेल.

पट्टीच्या चुका नेहमीच्याच. प्लॅस्टिकच्या पट्टीवर शून्य कडेपासून तीन-चार मिलिमीटर आत असतं आणि निम्मी मुलं कड टेकवून मोजतात. शिवाय काठीच्या बुंध्यापासून मोजायचं की मध्यापासून? मध्यापासून, म्हणजे काठीच्या कडेपासून मोजून ४ मिलिमीटर मिळवायचे. हे दोन घोटाळे टाळण्यासाठी पट्टी अंगणात नेलीच नाही. अंगणात फक्त टिंब आणि शेजारी वेळ, मोजणं वर्गात.

वेळेसाठी शाळेचं घड्याळ वापरलं नाही. ते ६ मिनिटं पुढे आहे, मुलं वेळेवर यावीत म्हणून. त्यामुळे दुसरं कारण अगदीच खोटं नव्हतं, पण ६ मिनिटांनी बाराची दुपार पाऊणला जात नाही. शिक्षकांच्या मोबाइलवरची वेळ सगळ्यांनी धरली.

दोन पाळ्यांचा एकच दिवस

सर्वात लहान सावलीची वेळ थेट पाहून सापडत नाही. १२:३० ते १:०० या अर्ध्या तासात सावली दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त बदलत नाही, आणि टोकाचा धूसर पट्टा त्याहून मोठा आहे. त्यात नेमकी हीच वेळ पाळी बदलण्याची. म्हणून जुनी रीत वापरली. आपल्याकडच्या ज्योतिर्गणितात बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे उभी काठी, आणि त्याभोवती वर्तुळ काढून दिशा ठरवत असत, तीच. काठीच्या मध्याभोवती १८, २० आणि २२ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळाचे तुकडे पाटावर आधीच आखून ठेवले, दोरी आणि पेन्सिल घेऊन. सकाळी सावलीचं टोक आत येताना एकेका वर्तुळाला टेकतं, दुपारी बाहेर जाताना पुन्हा टेकतं. दोन्ही वेळा नोंदवल्या की त्यांचा मध्य म्हणजे सर्वात लहान सावलीची वेळ. ती वेळ पाहायला तिथे कोणी हजर असण्याचीही गरज नाही.

यात सकाळची तुकडी अर्धंच काम करू शकते. उरलेलं अर्धं दुपारच्या तुकडीने करायचं आणि दोघांच्या नोंदी जुळवायच्या. सकाळच्या मुलांना मोजता येत नाही, हा वाद तिथेच मावळला, कारण आता चूक कोणाचीही झाली तरी उत्तर दोघांचं बिघडणार होतं.

पहिल्या दिवशी १२:३० ला पाळी सुटली आणि सहापैकी दोन पाट हलले. खडूच्या रेघेमुळे ते कळलं आणि त्यांच्या नोंदी बाजूला ठेवल्या. उरलेले चार शाबूत राहिले ते झेंड्याच्या चौथऱ्याभोवतीच्या रेलिंगच्या आत होते म्हणून. हा प्रयोग दोन पाळ्यांच्या शाळेत करायचा असेल तर पाटाची जागा आधी शोधावी, बाकीचं नंतर.

एका चांगल्या पाटाची नोंद अशी होती. २२ सेंटिमीटरचं वर्तुळ: ११:०१ आणि २:३८. २० चं: ११:२० आणि २:१७. १८ चं: ११:५४ आणि १:४६.

आता मध्य काढायचा, आणि इथे गणित आडवं आलं. पाचवीची बरीच मुलं ११:०१ ते २:३८ हे अंतर ३ तास ३७ मिनिटं असं बरोबर काढतात, पण त्याचं निम्मं करताना ३.३७ चा दशांश अपूर्णांक समजून भागतात आणि १.६८ वर येऊन थांबतात. फळ्यावर समजावून फार उपयोग झाला नाही. कागदाच्या पट्टीने झाला. १ सेंटिमीटर म्हणजे १० मिनिटं असं धरून ११ ते ३ वाजेपर्यंतची २४ सेंटिमीटरची पट्टी आखली, दोन वेळांवर खुणा केल्या आणि खूण खुणेवर येईल अशी पट्टी दुमडली. घडी जिथे पडली ती मध्याची वेळ. तीन वर्तुळांच्या घड्या पडल्या १२:५० च्या एक-दोन मिनिटं अलीकडे-पलीकडे. चारही पाटांचे मध्य १२:४४ ते १२:५४ या दहा मिनिटांत आले.

मोठ्या वर्तुळाचं उत्तर जास्त भरवशाचं असतं. २२ सेंटिमीटरच्या आसपास सावली मिनिटाला साधारण एक मिलिमीटर सरकते, १८ च्या आसपास जेमतेम निम्मी. त्यामुळे टिंब २ मिलिमीटर चुकलं तर मोठ्या वर्तुळात दोनेक मिनिटांची चूक होते, लहानात चारेक मिनिटांची. त्याहून मोठं वर्तुळ या अंगणात चालणार नाही. तीन वाजायच्या आत ऊन जातं.

काठी कलण्याचा प्रश्नही याच मोजणीने निकालात निघाला. काठी पूर्वेकडे ३ अंश कललेली राहिली, तर सर्वात लहान सावली सात-आठ मिनिटं आधी येते, पश्चिमेकडे कलली तर तेवढीच नंतर. चार पाटांतला दहा मिनिटांचा पसारा त्यातून समजतो. ४९ मिनिटांची सरक समजत नाही.

४९ मिनिटं आली कुठून

चौथ्या कारणाची पाळी आता. बाईंनी भिंतीवरची दिनदर्शिका काढली. त्या दिवशी मुंबईचा सूर्योदय ७:१५ आणि सूर्यास्त ६:२३ (दिनदर्शिकेगणिक मिनिट-दोन मिनिटांचा फरक असतो). मधला काळ ११ तास ८ मिनिटं, निम्मा ५ तास ३४ मिनिटं, आणि मध्य १२:४९. काठी न वापरता तेच उत्तर. “दुपार पण उशिरा होते” म्हणणाऱ्या मुलाची अर्धी गोष्ट बरोबर होती. थंडीचे दिवस लहान असतात म्हणून सूर्य उशिरा उगवतो, पण नुसतं तेवढंच असतं तर तो तितकाच लवकर मावळला असता आणि मध्य बारालाच राहिला असता. मध्यच सरकला आहे, त्याला वेगळं कारण हवं.

मोठं कारण पाचवीच्या मुलाला कळण्यासारखं आहे. आपल्या घड्याळांची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते, जे उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातं. मुंबई त्याच्या सुमारे ९.६ अंश पश्चिमेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणून सूर्य आपल्या माथ्याच्या रेषेवर ३८-३९ मिनिटं उशिरा येतो. मुंबईने ही वेळ बराच काळ सोडली नव्हती. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यावरही शहरात ३९ मिनिटं मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत वापरात होता. त्या घड्याळात मुलीची नोंद ११:४६ ची ठरली असती, आणि सावली अजून बारकी होतेय याचं कोणालाच नवल वाटलं नसतं.

नागपूर मुंबईच्या सव्वासहा अंश पूर्वेला आहे, म्हणजे तिथे त्याच दिवशी सर्वात लहान सावली २५ मिनिटं आधी, १२:२४ च्या सुमारास. विदर्भात नातेवाईक असलेलं एखादं मूल वर्गात असतंच. फोनवरून तिथल्या दोन वेळा मागवता येतात. सुट्टीच्या दिवशी आत्याने गॅलरीत बाटली उभी करून खुणा केल्या तरी पुरे, फक्त गॅलरी दक्षिणेची हवी.

उरलेली दहा मिनिटं पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे आणि कललेल्या अक्षामुळे येतात. ती पाचवीत समजावण्याचा खटाटोप करू नये. “यातली दहा मिनिटं अजून उलगडायची आहेत, ती दर महिन्याला बदलतात” एवढं सांगून तारीख लिहून ठेवावी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुंबईचं मध्यान्ह १२:२२ ला येतं, डिसेंबरअखेर १२:४० च्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्यात १२:५३ ला. वर्षभर मोजणाऱ्या वर्गाला हे स्वतःच दिसतं.

फळ्यावरचं वाक्य कसं बदलायचं यावर दोन्ही शिक्षकांचं थोडं वाजलं. सरांचं म्हणणं, १२:४९ लिहा. बाईंचं म्हणणं, उद्या चाचणीत बाराच विचारलं तर? तोडगा मराठीतच होता. ‘मध्यान्हाला सावली सर्वात लहान असते.’ मध्यान्ह म्हणजे दिवसाचा मध्य. घड्याळातले बारा हा त्याचा अर्थ कधीच नव्हता, आपण तो सवयीने लावतो. ‘सूर्य डोक्यावर आला’ हेही त्याच सवयीतलं. त्या दिवशी मुंबईत मध्यान्हाला सूर्य क्षितिजापासून साडेपन्नास अंशांवरच होता. तो खरोखर डोक्यावर येतो वर्षातून दोनदा, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला. एकदा सुट्टी असते, एकदा ढग.

वहीतला १७.८ मात्र बदलायचा राहिला होता. त्या गटाने तो आकडा एका रेघेने खोडला, शेजारी १६.७ परत लिहिलं आणि पुढे ‘१२:२५, काडी तपासली नव्हती’ अशी टीप जोडली. तेव्हापासून दोन्ही तुकड्यांत निरीक्षणाच्या वहीला खोडरबर लावायचं नाही. नोंद पेनाने करायची, आणि चुकली तर खालचा आकडा वाचता येईल अशी एकच रेघ. सहा पाट वर्गाच्या कपाटामागे उभे करून ठेवले आहेत, काठ्यांना जुने मोजे गुंडाळून. पुढची मोजणी १२ फेब्रुवारीच्या आसपास. तोवर सैल स्क्रूच्या पाटाला खालून लोखंडी वॉशर बसवायचा आहे.